ऊब एका थराची, धुणं दुसऱ्याचं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एका ताईंनी लिहिलं आहे. घरी नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं आणि ७४ वर्षांच्या सासूबाई, त्या ओसरीत बाजेवर झोपतात. तीन एकर कोरडवाहू वावर, त्यात कापूस आणि तूर. गेल्या हिवाळ्यापासून सासूबाईंचं अंथरूण आठवड्यातून एक-दोनदा रात्री ओलं होतं. घरातली कापसाची जुनी रजई ताईंनी एकदा धुतली. आतला कापूस गोळे होऊन एका कोपऱ्यात जमा झाला, चार दिवस ती वाळली नाही, वास यायला लागला आणि शेवटी उकिरड्यावर गेली. आता नवी करायची आहे. नवरा म्हणतो, मोबाइलवरून फायबरची मागवू, धुवायला सोपी. सासूबाई अडून बसल्या आहेत, "मले माह्या वावरातल्याच कापसाची पायजे." जाऊबाई म्हणतात, जुन्या लुगड्यांची वाकळ, म्हणजे गोधडी शिव, खर्चच नाही. ताईंना वाकळ पातळ वाटते, शिवाय लग्नसराईत येणारे पाहुणे ओसरीत वाकळ पाहून काय म्हणतील, हीही चिंता आहे. पेटीत सासऱ्यांची दोन धोतरं जपून ठेवलेली आहेत, ती वापरावीत का हेही त्यांनी विचारलं आहे. धुणं हातानं, बोअरच्या खाऱ्या पाण्यात. खर्च दीड हजाराच्या आत. "गरमही राहील आणि अख्खी पाण्यात टाकून धुताही येईल, असं नेमकं काय भरावं?"

ताई,

काय भरावं ते सांगतेच. पण अख्खी रजई धुवावीच लागणार, हे तुम्ही आधीच धरून चालला आहात, तिथे जरा थांबू. रात्री ओलं होतं ते आधी अंथरूण, मग अंगाला लागून असलेला पांघरुणाचा थर, तोही बहुतेक कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा. सगळ्यात वरचा, जाड, ऊब देणारा थर ओला होतो, कारण ओल आणि तो यांच्यामध्ये दुसरं काही नसतं. मध्ये काहीतरी घाला. मग धुवायचं ते वेगळं आणि ऊब द्यायची ती वेगळी अशी वाटणी होते आणि तुमच्या घरातल्या तिन्ही मतांना जागा मिळते.

ही वाटणी का करावी लागते, ते आधी सांगते. पांघरुणाची ऊब आत भरलेल्या मालापेक्षा त्या मालात अडकून राहिलेल्या हवेची जास्त असते. नवा पिंजलेला कापूस फुगलेला असतो, म्हणून गरम. तोच कापूस दोन-तीन हिवाळ्यांत दबला की रजईचं वजन तेवढंच राहतं आणि ऊब जाते. आता धुण्याचं बघा. धुताना माल जागचा हलू नये म्हणून टाके जवळजवळ हवेत, आणि टाके जितके जवळ तितकी आतली हवा दाबली जाते. बोटभर अंतरावर धावदोरा घातलेली वाकळ धोपटण्यानं बडवली तरी तिला काही होत नाही, पण ऐन थंडीत ती एकटी पुरत नाही. वीतभर अंतरावर टाके घातलेली रजई छान फुगते, पण पाण्यात गेली की संपली. पिंजलेल्या कापसाचे तंतू एकमेकांना नुसते टेकलेले असतात, बांधलेले नसतात. पाणी प्यायलेला कापूस जड होऊन खाली ओघळतो, चोळला की गुंततो आणि तसाच वाळला की त्याचा गोळा होतो. तुमच्या रजईचं तेच झालं. तुम्ही चुकीचं धुतलं नाही, ती धुण्यासाठी शिवलेलीच नव्हती. आपल्याकडे रजई धुवायची रीतच नव्हती. तिला ऊन दाखवायचं, खोळ धुवायची आणि काही वर्षांनी उसवून कापूस पुन्हा पिंजून घ्यायचा.

जाड तेच गरम, या समजुतीकडेही थोडं वाकडं बघायला हवं. विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना फक्त ऊन आठवतं, पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री येतात, पण मोजक्याच. त्या दोन-चार रात्रींच्या धाकानं आपण पाच शेराची रजई भरतो आणि उरलेला सगळा हिवाळा म्हातारं माणूस तिच्याखाली दबून झोपतं. सासूबाईंच्या बाबतीत मला याची जास्त काळजी वाटते. लघवीची जाग आली, तरी जड रजई बाजूला सारून, अंधारात बाजेवरून उतरून अंगणापलीकडच्या संडासापर्यंत पोचायला वेळ लागतो. अंथरूण ओलं होण्यात रजईच्या वजनाचाही हात असू शकतो. पातळ, हलके दोन थर एकावर एक घेतले तर दोघांच्या मधे हवेचा आणखी एक थर मिळतो, आणि थंडी कमी असेल त्या रात्री एक काढून ठेवता येतो.

आता एकेका मालाचं बोलू.

सासूबाईंचा कापूस. त्यांचा हट्ट मला बरोबर वाटतो, फक्त तो कापूस सगळ्यात वरच्या थरात गेला पाहिजे. सरकीसकट कापसाच्या तीन किलोंतून साधारण एक किलो रुई निघते. एका माणसाच्या हलक्या रजईला दीड किलो रुई पुरे, म्हणजे घरचा साडेचार-पाच किलो कापूस. तो पहिल्या किंवा दुसऱ्या वेच्याचा घ्या, दव वाळल्यावर वेचलेला. ओलसर वेचलेला कापूस पिवळा पडतो आणि त्याला कुबट वास धरतो. कवडी, म्हणजे किडका, न फुललेला कापूस, आणि पाचोळा निवडून काढा. सरकीचे बारीक तुकडे राहिले तर त्यातल्या तेलाचे पिवळे डाग पुढे वरच्या कापडावर उमटतात. हे निवडायचं काम सासूबाईंना द्या. उन्हात बसून त्यांच्याइतकं नीट ते कोणी करणार नाही, आणि रजई कोणाची हा प्रश्नही आपोआप मिटेल.

२००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या जनुक बदललेल्या वाणाला, परवानगी मिळाल्यापासून आपल्या वावरांत बहुतेक तेच संकरित वाण आलं आहे. त्याचा धागा लांब आणि बारीक, सुताला उत्तम, पण रजईत तो लवकर बसतो. रजईला खरा चांगला जुना देशी कापूस. त्याचा धागा आखूड, जाडसर आणि दाबला तरी पुन्हा उठणारा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं एकेए-७ हे त्यातलंच वाण. नात्यात कोणी देशी लावलेला असेल तर दोन-तीन किलो मागून घ्या आणि घरच्यात मिसळा. मिसळलेलं कोणाला सांगायलाच हवं असं नाही.

फायबर, म्हणजे पॉलिएस्टर. तुमचे यजमान अगदीच चुकीचं बोलत नाहीत. फायबर पाणी पीत नाही, वजनाला हलकं, सकाळी धुतलं तर संध्याकाळपर्यंत वाळतं. रोज ओल होणाऱ्या घरात हा गुण छोटा नाही. पण मोबाइलवरच्या फोटोत टाके किती अंतरावर आहेत आणि आतला थर सलग आहे की सुटा, हे कळत नाही. सुटं फायबर भरलेली स्वस्त रजईही पाच-सहा धुण्यांत कोपऱ्यात गोळा होते. घ्यायचीच तर तालुक्याच्या दुकानात जाऊन, हातात धरून, उजेडासमोर धरून घ्या. टाक्यांची चौकट वीतभराहून मोठी नको आणि मधे उजेड आरपार दिसणारी रिकामी जागा नको. दुसरं, त्यात घाम जिरत नाही, त्यामुळे वयस्क माणसाच्या कोरड्या कातडीला रात्रभर चिकचिक होते. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पहाटे शेकोटीजवळ पांघरूण लपेटून बसायची सवय आपल्या सगळ्या म्हाताऱ्यांना असते. ठिणगीनं सुती कापडही पेटतंच, त्याला निर्धोक समजू नका. पण पॉलिएस्टर वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. फायबरची रजई घरात आली तर ती बाजेवरच राहील, शेकोटीपाशी जाणार नाही, हा नियम आधी करा.

दुकानात मऊ, लवदार कंबल मिळतं, तेही पॉलिएस्टरच. त्याला हेच सगळं लागू. लोकरीचं कंबल ऊबदार असतं, थोडं दमट झालं तरी ऊब सोडत नाही, पण गरम पाण्यात घालून चोळलं की आटून घट्ट होतं. वारंवार धुवायच्या घरात ते नको. सावरीचा कापूस उशीसाठी राहू द्या.

लुगड्यांची वाकळ. जाऊबाई बरोबर आहेत, फक्त ती एकटी पुरेल असं त्यांनी म्हणायला नको होतं. वाकळ अंगाला लागून घ्यायची, रजई तिच्यावर. वाकळीतले सुती थर ओल आधी पिऊन घेतात, रजईपर्यंत क्वचितच काही पोचतं, आणि पोचलंच तर तिच्या खोळीला लागतं. वाकळ आणि खोळ दोन्ही बादलीत टाकायच्या वस्तू आहेत. रजई उन्हात.

हिशोब असा. वाकळ साडेसहा बाय साडेचार फुटांची धरा, बाजेवरच्या एका माणसाला ती पुरते. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब असतं. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे करून लांबीच्या कडेनं जोडले की तीन थरांचं कापड निघतं. सहावारी साडेपाच मीटरची, तिचे दोन मीटरचे दोनच तुकडे निघतात आणि दीड मीटर उरतं, ते कडेच्या पट्टीला. म्हणजे दोन सहावारी साड्या एका नऊवारीच्या बरोबरीच्या. पाच थरांच्या वाकळीला एक नऊवारी आणि जवळपास दीड सहावारी लागते. त्याहून जाड करू नका. सात-आठ थरांची वाकळ शिवताना सुई मोडते, भिजल्यावर एकट्या बाईला पिळता येत नाही, आणि आतून ओलीच राहते. मी तर म्हणेन, आठ थरांची एक करण्यापेक्षा चार-चार थरांच्या दोन करा. एक अंगावर, एक दोरीवर.

कापड निवडताना ते सुतीच आहे ना, हे पाहा. आजच्या बऱ्याच साड्या सुती दिसतात आणि असतात नायलॉन नाहीतर पॉलिएस्टरच्या. काठाचा एक दोरा उपसून, चुलीपासून दूर, चिमट्यात धरून पेटवा. सुताचा दोरा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख होते. दुसरा आकसतो आणि टोकाला कडक मणी होतो. असला कपडा आतल्या थरातही नको, कारण तो ओल पीत नाही, सरकतो, आणि शेजारच्या सुती थराला ताण देतो. जुन्या लुगड्यांची एक चांगली गोष्ट म्हणजे ती आटायची तेवढी आटून झालेली असतात. वरच्या थराला नवं कापड घेणार असाल, मांजरपाट किंवा खादी, तर शिवण्याआधी दोनदा धुवून वाळवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात वरचा थर आटतो, आतले आटत नाहीत आणि सगळी वाकळ चुरमुरते. लाल, जांभळ्या साड्या पांढऱ्या ओल्या फडक्यानं चोळून बघा. रंग उतरला तर ती साडी खोळीला नको, पायपुसण्याला द्या.

लुगडं मधे विरलेलं आणि कडेला भक्कम असतं. विरलेला भाग आतल्या थरात, भक्कम भाग बाहेर. सगळे थर सतरंजीवर ताणून अंथरा, मधून कडांकडे कच्चे टाके घाला, मगच पक्का धावदोरा. बाहेरून आत शिवत गेलात तर मधे फुगा येतो आणि तो कुठेच जिरत नाही. दोन ओळींत बोटभर ते दीड बोट अंतर पुरे. दोरा सुतीच घ्या, दुहेरी. मासे धरायच्या नायलॉनच्या तंगुसानं मजबूत होईल असं कोणी सुचवेल, पण तो कापडापेक्षा कडक असतो आणि दोन हिवाळ्यांत टाक्याच्या भोकापासून कापडच फाडतो. कडेला दुहेरी पट्टी हवीच, कारण वाकळ पहिल्यांदा जाते ती गळ्याजवळच्या कडेला.

सासऱ्यांच्या धोतरांचं मी ठरवू शकत नाही, तुम्हीही ठरवू नका. सासूबाईंना विचारा. काहींना नवऱ्याचं कापड अंगावर असावंसं वाटतं, काहींना ते पेटीतच हवं असतं. हो म्हणाल्या तर धोतर वाकळीच्या वरच्या थरात घ्या. जुनं धोतर फार मऊ असतं आणि पांढरं असल्यानं डाग लगेच दिसतो, धुवायला उशीर होत नाही.

रजईची शिलाई थोडक्यात सांगते. पिंजून आणलेली रुई आधी मांजरपाटाच्या आतल्या पिशवीत बंद करा, टाके चार-पाच बोटांच्या अंतरावर. मग तिच्यावर सुती खोळ, एका बाजूनं उघडी, नाड्यांनी बांधायची. चेन नको, ती म्हाताऱ्या हाताला टोचते. खोळ निसटून आतली रजई गोळा होते ही सगळ्यांची तक्रार असते, तर खोळीच्या आतून चार कोपऱ्यांना नाडी शिवा आणि रजईच्या कोपऱ्यांना फासा. खोळी दोन हव्यात. दीड हजार तुम्ही धरले आहेत, त्यातले बरेचसे या मांजरपाटावर आणि पिंजणीवर जातील, बाकी सगळं घरात आहे.

पण ताई, तुमच्या पत्रात बाजेचा उल्लेख एकदाच आला, आणि थंडीचा अर्धा प्रश्न तिथे आहे असं मला वाटतं. बाज खालून उघडी असते. उन्हाळ्यात ते वरदान, हिवाळ्यात तिच्या जाळीतून गार वारा थेट पाठीला लागतो. वर कितीही घाला, खाली नुसती चादर असेल तर माणूस रात्रभर कुडकुडतो, कारण अंगाच्या वजनानं खालचं अंथरूण दबलेलं असतं आणि त्यात हवा उरत नाही. बाजेवर आधी जाड सतरंजी किंवा जुनं घोंगडं, त्यावर गादी, त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारी रबरी शीट, आणि तिच्यावर कमरेखाली येईल असं तीन फुटी सुती दुपटं. रबरी शीट थेट अंगाखाली कधीच नको, घाम साचून कातडी सोलते. अशी चार दुपटी शिवली तर रात्री तुम्हाला फक्त दुपटं बदलावं लागेल, गादी उचलावी लागणार नाही. बाज ओसरीच्या ज्या बाजूनं वारा येतो तिथून हलवता आली तर तेही करा.

धुण्याचं. तुमचा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला, तिथल्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि कापडावर पांढरट, चरचरीत थर बसतो. साबणाच्या वडीपेक्षा पावडर वापरा आणि भिजवायच्या पाण्यात आधी चमचाभर धुण्याचा सोडा घाला. शेवटचं खळबळणं तेवढं नळाच्या गोड्या पाण्यात करा. नळ ज्या दिवशी येतो तोच वाकळ धुवायचा दिवस.

लघवीनं ओलं झालेलं कापड आधी थंड पाण्यात, साबणाशिवाय दोनदा पिळून काढा, लगेच जमलं नाही तरी सकाळच्या सकाळी. लघवी शिळी झाली की तिचा अमोनिया होतो, उग्र वास येतो तो त्याचाच. वास उरला तर पाण्यात थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखं धुवा. ब्लिचिंग पावडर किंवा ब्लिचचं पाणी लघवीच्या कपड्यावर कधीही टाकू नका. अमोनिया आणि ब्लिच एकत्र आले की विषारी वायू निघतो, आणि आपली न्हाणीघरं असतात कोंदट. सासूबाईंना खोकला किंवा अंगाला खाज असेल तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा खोळ आणि वाकळ चांगल्या कढत पाण्यात बुडवा. धुळीतले बारीक किडे साठ अंशांच्या आसपासच्या पाण्यात मरतात, नुसत्या कोमट पाण्यात नाही.

वाळवताना एका दोरीवर टाकू नका, वाकळीच्या घडीत पाणी साचतं. हातभर अंतरावर दोन दोऱ्या बांधून तिच्यावर पसरा, म्हणजे मधून वारा जातो. दुपारी बाजू पालटा. हिवाळ्यात आपली हवा कोरडी असते, चार-पाच थरांची वाकळ एका दिवसात वाळते. हात आत घालून बघा, गार लागली तर अजून ओली आहे. रजईला आठवड्यातून एकदा ऊन आणि काठीनं हलके दोन-चार फटके, एवढंच.

आता कापडापलीकडचं. अंथरूण ओलं होणं हे वयाचं आहे असं म्हणून सगळ्या घरानं सोडून दिलेलं दिसतं. एका वर्षात नव्यानं सुरू झालेला त्रास आहे, तो दाखवायला हवा. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, रात्री घेतलेली एखादी गोळी, अशी कारणं निघतात आणि त्यातली बरीच औषधानं आटोक्यात येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी आणि साखरेची तपासणी होते. आशाताईंना घेऊन जा, सासूबाई तुमच्यापेक्षा त्यांच्याशी मोकळ्या बोलतील. तोवर बाजेजवळ मिणमिणता दिवा आणि झाकणाचं भांडं ठेवा. संध्याकाळनंतरचा चहा बंद केला तर चालेल, पण दिवसभराचं पाणी तोडू नका, त्यानं त्रास वाढतो.

पाहुण्यांचं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला वाटतं वाकळीला नकार मुळात तिथून आला आहे. पाहुण्यांना दिसणार ती वरची रजई, तिच्या धुतलेल्या खोळीसकट. आतलं फक्त सासूबाईंना आणि तुम्हाला माहीत. आणि खरं सांगू का, ओसरीत शिरल्यावर माणसाला आधी वास येतो, कापड नंतर दिसतं. वाकळ असलेल्या कोरड्या, बिनवासाच्या ओसरीला कोणी नावं ठेवत नाही. ठेवली तर त्यांना एक दुपटं धुवायला द्या.

ज्यांच्या घरी अशी अडचण नाही, पण लहान मूल आहे किंवा जागा कमी आणि माणसं जास्त आहेत, त्यांनाही हीच वाटणी उपयोगी पडेल: अंगाशी धुण्याजोगी पातळ वाकळ, वर खोळ घातलेली रजई. मुलांसाठी रजई कापसाऐवजी सलग थराच्या फायबरची चालेल, फक्त चूल आणि शेकोटीचा नियम तोच. एकट्या राहणाऱ्या, हातात जोर न उरलेल्या माणसाला मी कापसाची रजई सुचवणारच नाही. त्यांनी तीन-तीन थरांच्या तीन वाकळी कराव्यात आणि लागतील तशा घ्याव्यात.

तुमच्याकडे हिवाळा लागलेला आहे, तेव्हा क्रम उलटा धरा. या आठवड्यात रबरी शीट आणि दुपटी, ती दोन दुपारींत होतात. मग पहिली वाकळ, त्यासाठी जाऊबाईंना बोलवा, सल्ला त्यांनी दिला आहे तर दोन ओळी त्यांनीही घालाव्यात. रजई सगळ्यात शेवटी, कारण वेचा, निवडणं, सरकी काढणं आणि तालुक्याच्या गादीवाल्याकडे पिंजणीचा नंबर या सगळ्याला वेळ जातो. घरची थोडी रुई काढून-पिंजून देईल का, हे कापूस घेऊन जाण्याआधी त्याला फोनवर विचारा. सगळेच एवढं किरकोळ काम घेत नाहीत, आणि काही जण तुमची रुई त्यांच्या ढिगात मिसळून देतात. सासूबाईंच्या कापसाचं तसं होऊ नये म्हणून पिंजून होईपर्यंत तुमच्या यजमानांना तिथेच उभं करा.